रस्ता बंद, बस वळवली: संभाजीनगरच्या बसप्रवाशांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुकुंदवाडीतून वाळूज एमआयडीसी हा माझा रोजचा प्रवास. म्हणजे सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा अख्खं शहर आडवं कापायचं. मोर्चा कुठेही निघो, मिरवणूक कुठेही असो, खोदकाम कुठेही चालू असो, त्याचा हिसका माझ्या बसला बसतोच. त्यामुळे शेजारच्या बायका, कंपनीतली पोरं, गावाकडचे पाहुणे मलाच फोन करतात: "ताई, आज बस कुठून जाणार?" त्या फोनांत पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे उत्तरांसह लिहून काढले आहेत. रस्ता बंद झाला की गाडीवाल्यांसाठी चौकात बाणाचा फलक लागतो. थांब्यावर उभ्या असलेल्या माणसासाठी बहुतेक वेळा काहीच लागत नाही. हे सगळं त्या उभ्या माणसासाठी आहे.

उद्या रस्ता बंद राहणार हे आदल्या दिवशी कसं कळतं?

शहरात वाहतूक वळवण्याचा आदेश पोलीस आयुक्तालयातून निघतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ११५ आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३३ यांच्या आधारे तो काढला जातो. प्रवाशाने यातली एक गोष्ट लक्षात ठेवावी. बंदी महिनाभराहून जास्त नसेल तर ती राजपत्रात छापण्याची गरज नाही, पण परिस्थितीनुसार होईल तेवढी स्थानिक प्रसिद्धी द्यावी, असं कलम ११५ सांगतं. म्हणून विसर्जन, यात्रा, जयंती यांची अधिसूचना आदल्या एक-दोन दिवसांत वर्तमानपत्राच्या शहर पानावर येते. पोलिसांच्या समाजमाध्यमांवरही टाकली जाते.

ती वाचायची एक रीत आहे. आधी वेळ बघा. "दुपारी २ पासून मिरवणूक संपेपर्यंत" असं लिहिलेलं असेल तर संध्याकाळची बस तुमच्या हिशोबातून काढून टाका. मग बंद रस्त्याची दोन्ही टोकं बघा, "अमुक चौक ते तमुक चौक" असं दिलेलं असतं. तुमचा थांबा या दोन टोकांच्या मध्ये आहे का, एवढाच खरा प्रश्न. शेवटी "पर्यायी मार्ग" वाचा. तो गाड्यांसाठी लिहिलेला असतो, बसचा थांबा कुठे असेल ते त्यात नसतं. पण बसलाही जायचं त्याच रस्त्याने असतं, त्यामुळे ती कोणत्या चौकातून निघेल याचा अंदाज तिथून बांधता येतो.

अचानक निघालेल्या रास्ता रोकोची सूचना कुठेच येत नाही. त्या वेळी समोरून येणाऱ्या बसच्या वाहकाला विचारणं हाच खात्रीचा मार्ग.

वर्षभरात कोणते दिवस हमखास गडबडीचे असतात?

हे दिवस मी कॅलेंडरवर जानेवारीतच खुणावून ठेवते.

१४ जानेवारी, नामविस्तार दिन. १९९४ साली याच दिवशी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव जोडलं गेलं. विद्यापीठ गेटवर मराठवाड्याच्या सगळ्या जिल्ह्यांतून माणसं येतात. त्या बाजूचा रस्ता दिवसभर आपला नाही असं समजून चालायचं, आणि ते योग्यच आहे. १९ फेब्रुवारीला शिवजयंती, तेव्हा क्रांती चौक गच्च भरलेला. १४ एप्रिलला भडकल गेट. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन: सकाळी सिद्धार्थ उद्यानातल्या हुतात्मा स्मारकाशी ध्वजवंदन होतं. हे उद्यान मध्यवर्ती बसस्थानकाला लागूनच असल्यामुळे स्थानकात शिरणाऱ्या-निघणाऱ्या गाड्यांना दोन-तीन तास त्रास होतो. त्या सकाळी बाहेरगावी निघणाऱ्यांनी मध्यवर्तीऐवजी सिडको बसस्थानकावरून गाडी मिळते का ते बघावं.

गणेश विसर्जनाचा दिवस सगळ्यांत अवघड. राजाबाजारच्या संस्थान गणपतीपासून मिरवणूक निघते आणि शहागंज, सिटी चौक, गुलमंडी असं जुनं शहर कापत औरंगपुऱ्याकडे येते. त्या दिवशी जुन्या शहरात बस नाहीच असं धरून चाला. नवरात्रात कर्णपुऱ्याची यात्रा नऊ-दहा दिवस चालते आणि पंचवटी चौकाच्या आसपासची वाहतूक वळवतात. ही यात्रा एका दिवसाची नसल्याने जास्त लोक फसतात. पहिल्या दिवशी लक्षात राहतं, पाचव्या दिवशी सवयीने जुन्याच थांब्यावर जाऊन उभे राहतात.

आषाढी एकादशीला वाळूजजवळच्या पंढरपूरला शहरातून दिंड्या पायी जातात, आणि नगर रोड, म्हणजे माझाच रस्ता, वारकऱ्यांचा होतो. त्या दिवशी मी पहाटेच्या पहिल्या गाडीने जाते किंवा रजा टाकते. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री आणि श्रावणातल्या शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला हजारो लोक चालत निघतात, श्रावणी सोमवारी वेरूळला गर्दी असते. तेव्हा दौलताबादच्या दरवाजातून जाणारा घाटाचा रस्ता बंद करून गाड्या दौलताबाद टी पॉइंटवरून कसाबखेडा फाट्यामार्गे वळवतात. खुलताबादला उतरणाऱ्याने गाडीत चढण्याआधीच विचारावं, कारण त्या वळशाने गाडी आधी वेरूळला जाते.

मोर्चांना तारीख नसते, पण वाट ठरलेली असते: क्रांती चौकातून निघून पैठण गेट, गुलमंडीमार्गे दिल्ली गेटच्या विभागीय आयुक्त कार्यालयाकडे. मराठवाड्याचे आठ जिल्हे आपलं गाऱ्हाणं घेऊन याच कार्यालयावर येतात. ९ ऑगस्ट २०१६ चा पहिला मराठा क्रांती मोर्चा ज्यांनी पाहिला त्यांना जालना रोड माणसांनी भरणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. तेव्हा मोर्चाची बातमी कानावर आली की क्रांती चौक ते दिल्ली गेट या पट्ट्यात आपलं काय काम आहे ते आधी आठवावं.

एक चौक बंद झाला तर बसला एवढा मोठा वळसा का पडतो? बाजूच्या गल्लीतून का नाही जात?

हा प्रश्न रागाने विचारला जातो, पण त्याचं उत्तर शहराच्या बांधणीत आहे. जुन्या शहराच्या पश्चिमेला खाम नदी आहे. ती ओलांडायच्या वाटा मोजक्याच, आणि मकाई गेट, बारापुल्ला गेट, पाणचक्कीचा मेहमूद दरवाजा या कमानी घोड्यांसाठी आणि पालख्यांसाठी बांधलेल्या. मोठी बस तिथून वळत नाही. दक्षिणेला रेल्वेमार्ग आडवा पडलेला. तो पार करायचा तर रेल्वे स्टेशनजवळचा पूल, संग्रामनगरचा उड्डाणपूल, शिवाजीनगर अशा थोड्याच जागा. या दोघांच्या मधून पूर्व-पश्चिम जाणारा एकच खरा कणा म्हणजे जालना रोड. कण्यावर एक मणका धरला की सगळं अंग आखडतं, तसं होतं. त्याला समांतर मोठा रस्ता म्हणजे थेट बीड बायपास, तोही रेल्वेमार्गाच्या पलीकडे. म्हणून क्रांती चौकात अर्धा किलोमीटर बंद झालं तरी बस काही किलोमीटर फिरून येते. चालक मुद्दाम लांबून नेतोय असं वाटून त्याच्यावर खेकसू नका. त्यालाही वेळेवर डेपोत पोचायचं असतं.

नेहमीच्या थांब्यावर थांबावं की चालत पुढे जावं?

चालत जावं. या अख्ख्या लिखाणातलं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर ते हे.

रस्ता बंद असताना थांबा म्हणजे नुसता खांब उरतो. बस कुठून जाईल हे वळशावर ठरतं, आणि कुठलाही वळसा शेवटी दोन नाक्यांपैकी एकावर येऊन मिळतोच: जिथे रस्ता बंद होतो त्याच्या अलीकडचा नाका आणि जिथे पुन्हा मोकळा होतो त्याच्या पलीकडचा. मी याला गाठ म्हणते. बस शोधू नका, गाठ शोधा. पूर्वेच्या माणसांसाठी सिडको बसस्थानक ही मोठी गाठ, कारण जालन्याकडच्या, जळगावकडच्या गाड्या आणि शहर बस तिथे जवळपास येतात. पश्चिमेला बाबा पेट्रोल पंप, म्हणजे महावीर चौक, आणि त्याच्या पुढे नगर नाका. उत्तरेला हर्सूल. दक्षिणेला महानुभाव आश्रमाचा चौक, जिथे पैठण रोड आणि बीड बायपास एकमेकांना भेटतात. क्रांती चौक एरवी सगळ्यांत मोठी गाठ आहे, पण तोच सगळ्यांत आधी बंद होतो, म्हणून त्याच्यावर विसंबू नका.

मध्यवर्ती बसस्थानकापासून बाबा पेट्रोल पंप पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे. रेल्वे स्टेशनपर्यंत अर्धा तास. हे अंतर एकदा निवांत दिवशी चालून बघा. एकदा चाललेलं असलं की अडचणीच्या दिवशी ते लांब वाटत नाही.

आता एक बारीक गोष्ट, जिच्यात नवखा माणूस हमखास अडकतो. जालना रोडवर सिडको, सेव्हन हिल, मोंढा नाका, क्रांती चौक, महावीर चौक असे एकामागे एक उड्डाणपूल आहेत. थांबे पुलाखाली, बाजूच्या रस्त्याला. एरवी शहर बस खालून जाते. पण खालचा चौक अडला की पोलीस सगळ्या गाड्या पुलावर घालतात, आणि तुमची बस तुमच्या डोक्यावरून निघून जाते. मोंढा नाक्याला मी हे स्वतः पाहिलंय. आम्ही दहा-बारा जण खाली उभे, वर पुलाच्या कठड्यावरून फक्त बसचं टप सरकताना दिसत होतं. एकामागून एक तीन गेल्या. चौथ्या वेळी आम्ही पूल जिथे उतरतो तिथे जाऊन उभे राहिलो आणि हात केला. तेव्हापासून गर्दीच्या दिवशी मी पुलाखाली उभी राहतच नाही, पूल उतरल्यावर जिथे दोन्ही रस्ते एक होतात तिथे थांबते.

वाहकाला नेमकं काय विचारायचं?

"क्रांती चौकाला जाते का?" असं विचारू नका. तो सवयीने हो म्हणेल, कारण त्याच्या पाटीवर तेच लिहिलेलं आहे. विचारायचं ते असं: "आज कुठून फिरवणार? पुलावरून का खालून? मला घाटीत, सरकारी दवाखान्यात जायचंय, तर जवळात जवळ कुठे सोडाल?" कुठे उतरायचंय ते काम सांगून विचारलं की वाहक आणि शेजारचे प्रवासी दोघेही डोकं चालवतात. अन् हे चढतानाच विचारा. तिकीट फाडल्यावर विचारलं तर त्याचाही नाइलाज होतो.

उतरण्याची विनंती जरूर करा, पण भर रस्त्यात चालत्या गाडीतून उडी मारू नका. वळवलेल्या रस्त्यावर डावीकडून दुचाकी घुसत असतात, मागचा दरवाजा उघडला की त्या थांबत नाहीत.

बस मध्येच थांबली आणि पुढे जाणार नाही म्हणाले. तिकिटाचं काय?

तिकीट जपून ठेवा, चुरगाळून फेकू नका. एसटीची गाडी वाटेत अडली किंवा बंद पडली तर वाहक मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीत त्याच तिकिटावर बसवून देतो. त्याच्याशिवाय तुम्ही एकटेच पुढच्या गाडीत चढलात तर नवं तिकीट काढावं लागण्याची शक्यता जास्त. म्हणून सगळ्यांनी एकत्र थांबून वाहकालाच पुढची गाडी थांबवायला लावावी.

वळसा पडला की भाडं वाढतं का?

एसटीचं भाडं टप्प्यावर असतं आणि एक टप्पा सहा किलोमीटरचा. मिरवणुकीपुरता दोन-चार तास पडलेला वळसा आणि रस्ताच कित्येक आठवडे बंद असणं यात फरक आहे. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस कन्नडच्या औट्रम घाटात दरडी कोसळल्या तेव्हा चाळीसगावकडची वाहतूक नांदगावच्या बाजूने फिरवावी लागली होती. असा वळसा लांबला की किलोमीटर वाढतात, टप्पे वाढतात आणि तिकीटही वाढतं. रक्कम वेगळी दिसली तर वाहकाला आधी टप्पे किती ते विचारा, मग वाद घाला.

एक सावधगिरी: शहर बस मिळेना म्हणून लोक समोर आलेल्या एसटीत चढतात किंवा उलट करतात. महिलांना निम्मं तिकीट आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास या एसटीच्या सवलती आहेत. शहर बसमध्ये त्या आपोआप लागू होत नाहीत. आधी विचारा, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत ओशाळायला लागत नाही.

रिक्षावाले अशा दिवशी वाटेल ते मागतात. काय करावं?

सीटवर जाणारी रिक्षा हाच आपल्या शहराचा खरा आधार आहे, हे मी मनापासून म्हणते. बस नसते तेव्हा तीच असते. पण बंदच्या दिवशी बसण्याआधी दोन गोष्टी बोलून घ्या: सीटचे किती आणि कुठपर्यंत. "स्टेशन" म्हणून बसवतात आणि बॅरिकेड दिसलं की अलीकडेच उतरवून पूर्ण पैसे घेतात, असं होतं. चौघं-पाचजण एकाच बाजूला जाणारे असाल तर आपसात ठरवून पूर्ण रिक्षा करा, ती माणशी स्वस्त पडते आणि गल्लीबोळातून नेता येते. जिथे बस अडते तिथून रिक्षा निघते, तिचा हा गुण वापरून घ्या. फार अडवणूक झाली तर गाडीचा नंबर लिहून घ्या. तक्रार आरटीओत करता येते. नंबर नसेल तर तक्रारीला काही अर्थ राहत नाही.

गावाहून एसटीने येतोय. रस्ता बंद असेल तर कुठे उतरू?

शहराच्या वेशीवरच, आणि तिथून शहरातल्या माणसाला फोन करायचा. जालन्याकडून येत असाल तर केंब्रिज चौक किंवा चिकलठाणा. बीडकडून झाल्टा फाटा किंवा देवळाई चौक. पुणे-नगरकडून नगर नाका. सिल्लोड-फुलंब्रीकडून हर्सूल. पैठणकडून नक्षत्रवाडी किंवा महानुभाव आश्रम. मध्यवर्तीपर्यंत नेतील म्हणून गाडीत बसून राहिलात तर शेवटच्या तीन किलोमीटरला तास जाऊ शकतो. सामान जड असेल, लेकरं लहान असतील तर मात्र बसून राहिलेलं बरं. गाडीत सावली असते, रस्त्यावर नसते.

दवाखान्यात दाखवायचंय, सोबत म्हातारं माणूस आहे. काय काळजी घ्यावी?

घाटीत रोज जालना, बीड, परभणी, हिंगोलीपासून रुग्ण येतात. बसच्या वळणाचा सगळ्यांत जास्त मार त्यांनाच बसतो, कारण त्यांना शहर माहीत नसतं.

एका मिरवणुकीच्या दिवशी, दुपारी दीडच्या सुमारास, एका थांब्यावर एक आजी बसलेल्या दिसल्या. छप्पर नव्हतं. त्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला होता आणि मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत क्ष-किरणाचं मोठं पाकीट धरलं होतं, ते उन्हात तापू नये म्हणून त्यावर टॉवेल घातलेला. सोबतचे आजोबा दर दोन मिनिटांनी उठून रस्त्याकडे बघत. मी विचारलं तर म्हणाले, "साडेअकरापासून बसलोय माय. बस येतीच म्हनले लोक." त्या रस्त्याने बस सकाळी दहालाच बंद झाली होती. थांब्यावर तसा एक कागद नव्हता. शंभर पावलांवर बॅरिकेड लावून पोलीस उभे होते, पण त्यांचं तोंड गाड्यांकडे होतं. त्या दोघांना मी रिक्षात बसवून दिलं. डॉक्टरांची वेळ टळली असणार. दोन तास उन्हात बसण्याइतकी चूक त्यांनी काहीच केली नव्हती.

म्हणून सांगते. दवाखान्याच्या दिवशी बसच्या भरवशावर राहू नका, रिक्षाचे पैसे वेगळे बांधून ठेवा. पाण्याची बाटली, दुपारची गोळी आणि चार घास भाकरी पिशवीत वरच्या बाजूला. आजच दाखवलं पाहिजे असं नसेल तर विसर्जन, नामविस्तार दिन, मोठा मोर्चा हे दिवस टाळून तारीख मागा. आणि तातडीची वेळ असेल तर वळसा, बस, रिक्षा काही बघू नका, १०८ ला फोन करा. रुग्णवाहिकेला बॅरिकेड उघडून देतात.

बोर्डाची परीक्षा किंवा रेल्वे गाठायची असेल तर किती आधी निघू?

दहावी-बारावीचा सकाळचा पेपर अकराला असतो आणि साडेदहाला वर्गात हजर राहावं लागतं. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, तेव्हा शिवजयंतीच्या आसपासचे दिवस आधीच बघून ठेवा. एरवी जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट धरा, आणि वर अर्धा तास चालण्यासाठी. पोराला एकटं पाठवत असाल तर "रस्ता बंद दिसला तर कोणत्या गाठीपर्यंत चालायचं" हे रात्रीच सांगून ठेवा, सकाळी घाईत त्याच्या डोक्यात काही शिरत नाही.

रेल्वेसाठी, पूर्वेकडच्यांना मुकुंदवाडी स्थानकाचा पर्याय आहे. तिथे सगळ्या गाड्या थांबत नाहीत, म्हणून आधी १३९ वर चौकशी करा. पण जालना रोड तुंबलेला असताना मुकुंदवाडीतून मिळेल त्या गाडीने मुख्य स्थानकावर जाणं मला दोन-तीनदा उपयोगी पडलं आहे.

पावसात काय होतं?

पावसात सूचना वगैरे काही नसते. खाम आणि सुखना या नद्या एरवी नाल्यासारख्या दिसतात, पण तासभर जोराचा पाऊस झाला की पुलांशी पाणी येतं. भुयारी मार्गात साचलेल्या पाण्यात बस घालायला चालक तयार होत नाही, आणि त्याने होऊही नये. अशा वेळी घाई करणाऱ्या प्रवाशांनी गप्प बसावं. सप्टेंबर २०२५ च्या पुरात मराठवाड्यातले कितीतरी ग्रामीण मार्ग पाण्याखाली गेले, एसटीच्या फेऱ्या बंद झाल्या. पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी मागे फिरणं हाच एकमेव बरोबर निर्णय असतो.

खोदकामामुळे महिनोन्‌महिने वळण आहे. त्याची सवय कशी करायची?

जायकवाडीहून शहराला पाणी आणणारी नवी जलवाहिनी अडीच हजार मिलिमीटर व्यासाची आहे. माणूस आत सहज उभा राहील एवढा पाइप. तो पैठण रोडने नक्षत्रवाडीकडे येतो, म्हणून त्या रस्त्याच्या लोकांनी फार सोसलं. शहरात आठवड्यातून एकदा पाणी येण्याचे दिवस आम्ही काढले आहेत, त्यामुळे या खोदकामावर राग धरणं मला जमत नाही. पण पाइपलाइन गरजेची आहे म्हणून बसचा थांबा कुठे हलवला ते सांगायचं नाही, असं थोडंच आहे?

लांबलेल्या वळणात पहिला आठवडा सगळ्यांत वाईट जातो. त्या आठवड्यात रोज बस कुठून गेली आणि कुठे थांबली ते फोनमध्ये लिहून ठेवा. चार-पाच दिवसांत चालकांची वाट ठरून जाते, आणि ती कागदावरच्या पर्यायी मार्गापेक्षा बऱ्याचदा वेगळी असते. नकाशाच्या ॲपवरची लाल रेघ गर्दी दाखवते, पण बॅरिकेड लागल्याचं त्याला उशिरा कळतं. एसटीच्या ॲपवर गाडी कुठे आहे ते दिसतं, बाहेरगावच्या गाडीसाठी ते जरूर बघा.

संध्याकाळी उशिरा एकटी असले तर?

आडबाजूच्या तात्पुरत्या थांब्यावर उभं राहू नका. दुकानं उघडी आहेत अशा गाठीवर जा, मग पंधरा मिनिटं जास्त चालावं लागलं तरी चालेल. घरच्यांना थांब्याचं नाव नाही, चौकाचं नाव सांगा. थांबा हललेला असतो, चौक हलत नाही. गरज पडली तर ११२. आमच्या कंपनीतल्या आम्ही सहाजणी बंदच्या दिवशी एकमेकींसाठी थांबतो, एकीचं काम उरकलं नसेल तरी.

नांदेड, तुळजापूरकडेही असंच असतं का?

कारणं वेगळी, अडचण तीच. नांदेडला होळीच्या वेळी हल्लाबोल मिरवणूक निघते तेव्हा गुरुद्वारा परिसरातले रस्ते बंद होतात, आणि विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की गोदावरीवरच्या जुन्या पुलांची चिंता. तुळजापूरला कोजागरीच्या सुमारास सोलापूरकडून भाविक पायी येतात, म्हणून त्या रस्त्यावरची वाहनं दुसरीकडून सोडतात. गाठ शोधण्याची युक्ती तिथेही लागू पडते.

तक्रार कुठे करायची, आणि तिचा उपयोग होतो का?

एसटीसाठी स्थानकावर वाहतूक नियंत्रकाकडे तक्रार पुस्तक असतं, ते मागा. न दिल्यास आगार व्यवस्थापकाकडे जा. दूरध्वनी १८००२२१२५० हा विनाशुल्क आहे. शहर बससाठी महापालिकेकडे लेखी अर्ज. अर्जात "फार त्रास होतो" एवढंच लिहू नका. तारीख, वेळ, थांब्याचं नाव, किती लोक उभे होते, बस प्रत्यक्षात कुठून गेली, हे लिहा. आणि एकच मागणी करा: रस्ता बंद करण्याआधी त्या रस्त्यावरच्या प्रत्येक थांब्यावर कागद लावा, आज बस कुठे मिळेल तो. यासाठी निधी लागत नाही, निविदा लागत नाही. बॅरिकेड घेऊन येणारी गाडी त्याच थांब्यावरून जाते.

तोपर्यंत आपणच कागद लावला तर चालतं का?

चिकटवू नका, सार्वजनिक मालमत्तेवर चिकटवायला मनाई आहे. मी खोक्याच्या पुठ्ठ्यावर जाड पेनने लिहिते आणि चौकातल्या वाहतूक पोलिसाला विचारून सुतळीने खांबाला अडकवते. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही, एकाने तर स्वतः गाठ मारून दिली. मजकूर असा: "आज विसर्जन. दुपारी २ नंतर बस इथे येणार नाही. सिडको बसस्थानकाला जा, चालत वीस मिनिटे." अक्षर मोठं, तीन ओळींच्या वर नाही, आणि बाणाची दिशा लावण्याआधी स्वतः त्या बाजूला तोंड करून तपासलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसच्या आधी जाऊन तो पुठ्ठा काढते. बस सुरू झाली असताना कालचा कागद तसाच राहिला, तर त्याच्यामुळे आणखी कुणी आजी उन्हात वीस मिनिटं उगाच चालेल.